माशांचं भारनियमन

उत्तम खरात, वायरमन, घनसावंगी. माझ्यावर ज्या माणसाचं ऋण सर्वांत मोठं आहे त्याचं नाव एवढंच आहे, आणि दुकानाच्या पाटीवरही एवढंच लिहिलेलं आहे. मी एम.एस्सी. झालो, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो, नावाआधी 'प्रा.' लावतो. आमच्या घरात माझ्याआधी दहावी कोणी पाहिली नव्हती. हे सगळं उत्तमदादांमुळे झालं. पण त्यांची आठवण काढली की पहिल्यांदा मला त्यांच्या दुकानातली माशांची काचेची टाकी दिसते आणि तिच्यातलं पाणी दिसतं. तसं निवळ पाणी माझ्या टाकीत कधीच टिकलं नाही. त्यामुळे कृतज्ञतेचं लिहायला बसलो असलो तरी एक गोष्ट आधीच कबूल करतो. ज्या माणसाचे उपकार मी घेतले, त्याचाच मी सर्वांत जास्त हेवा केला.

बारावीनंतर मला तालुक्याला राहायला जागा नव्हती. माझे वडील सालगडी होते. मालकाच्या विहिरीवरचा स्टार्टर दुरुस्तीला घेऊन ते दादांच्या दुकानात गेले आणि जाता जाता माझा विषय काढला. दादांनी स्टार्टरमधून मानसुद्धा वर केली नाही. "वर खोली हे. वायरीचे बंडल पडलेत, ते एका अंगाला सारा म्हणावं पोराला." इतकंच. पुढची तीन वर्षं मी त्या खोलीत राहिलो. शांतावहिनी दोन वेळा भाकरी पाठवायच्या. पहिल्याच दिवशी दादा शिडी घेऊन वर आले, माझ्या टेबलावर ट्यूब लावली, मला लिहायला बसवलं, हाताची सावली वहीवर पडते का ते वाकून पाहिलं, ट्यूब काढली आणि डाव्या बाजूच्या भिंतीवर लावली. "लिहिणाऱ्याला उजेड डाव्या अंगानं पाहिजे," म्हणाले.

स्वतः मात्र ते अंधारात बसायचे. वायरमनचं दुकान म्हटलं की झगमगाट असेल असं वाटतं. यांच्या दुकानात दिवसा एक दिवा लागलेला नसे. दाराशी स्टूल टाकून रस्त्याच्या उजेडात ते मोटारीचं वाइंडिंग करत. कोणी विचारलं तर म्हणत, "उजेड कोणी पण लावतंय. कुठं बंद करायचा हे कळाया पाहिजे. ते पण वायरमनचंच काम हे."

शर्टाच्या खिशात कायम टेस्टर. कुठल्याही लोखंडाला हात लावण्याआधी ते टेस्टर टेकवत. बँकेच्या जाळीच्या दाराला टेकवताना मी त्यांना पाहिलं आहे. बोलण्यातही तेच. कोणी बातमी आणली की अमक्याच्या पोरीचं जमलं, तमका सरपंचकीला उभा राहतोय, तर दादा विचारायचे, "टेस्टर लावून पाह्यला का नुस्ती हवा?"

टाकी त्यांनी स्वतः बनवली होती. एका मिठाईच्या दुकानाचं शोकेस मोडीत निघालं होतं, त्याच्या काचा. एका काचेवर 'शुद्ध तुपातील' ही रंगवलेली अक्षरं कितीही खरवडली तरी पुसट राहिली होती आणि त्यामागून गप्पी मासे फिरायचे. गोदावरीच्या काठावरून आणलेल्या पाणवनस्पती आत लावलेल्या. पाणी चांगलं आहे की नाही हे पाहायची दादांची एक रीत होती. टाकीच्या मागच्या काचेला ते तळहात लावत आणि पुढून पाहत. हाताच्या रेषा दिसल्या तर पाणी बराबर. हात दिसला पण रेषा दिसल्या नाहीत तर म्हणायचे, "आजपासून अर्धा तास कमी." म्हणजे टाकीवरचा दिवा अर्धा तास कमी.

हे तास कमी करण्याचं गणित त्यांना कसं सुचलं, ते सांगतो, कारण माझ्या हेव्याची सुरुवात तिथून आहे.

तेव्हा भारनियमनाचे दिवस होते. सकाळी काही तास लाइट जायची, दुपारी पुन्हा जायची. वीज बोर्डाचं वेळापत्रक दादांनी दुकानात खळीनं चिकटवलं होतं. गावात तेव्हा माशांच्या टाक्या चारच: डॉक्टरांची, सराफांची, मोबाइलच्या दुकानातली आणि दादांची. चारही स्वच्छ. मग एका उन्हाळ्यात गावाचं फीडर, म्हणजे वीज आणणारी लाइन, बदललं आणि लाइट जायची बंद झाली. लोकांनी पेढे वाटले. पंधरा-वीस दिवसांत चारही टाक्या हिरव्या झाल्या. काचांवर शेवाळाचा थर, पाणी पालकाच्या भाजीसारखं. डॉक्टरांनी सगळं पाणी बदललं. आठवड्यात पुन्हा हिरवं. कोणी म्हणालं माशांचं खाद्य खराब, कोणी म्हणालं बोअरचं पाणी.

मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. दादांनी मला विचारलं, "नाम्या, तुझ्या पुस्तकात काय सांगितलंय याच्यावर?"

माझं नाव नामदेव. दादा मला नाम्या म्हणत.

मी म्हणालो, "शेतातलं खत झिरपून बोअरमध्ये येत असेल, दादा." अगदी ठामपणे म्हणालो.

दादा भिंतीवरच्या त्या जुन्या वेळापत्रकाकडे पाहत राहिले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "ऐक. बटन आपण सकाळी दाबतो, झोपताना बंद करतो. आधी पण तसंच होतं. पण मधी बोर्ड बंद करून राह्यलं होतं. आता बोर्ड बंद करीना, आन् आपण पण करीना. माशाला न्हाई, शेवाळाला लाइट पुरून उरून राह्यली." आणि त्यांनी टाकीसाठी भारनियमन पुन्हा सुरू केलं. सकाळी चार तास दिवा, भर दुपारी चार तास अंधार, संध्याकाळी तीन तास दिवा. वेळापत्रक भिंतीवर होतंच.

मी प्रकाशसंश्लेषणाचं अख्खं प्रकरण पाठ केलं होतं. त्या प्रकरणात हेच होतं. मला ते दिसलं नाही आणि आयटीआय केलेल्या माणसाला खळीनं चिकटवलेल्या कागदावर दिसलं. त्या दिवशी मला दादांचा पहिल्यांदा हेवा वाटला.

डॉक्टरांच्या टाकीचा तर दादांनी थाटच केला. पाणी इतकं बिघडलं होतं की नुसते तास कमी करून भागणार नव्हतं. त्यांनी टाकीभोवती काळं कापड गुंडाळून दोरी बांधली. "टाकीला सुतक हे. तीन दिवस कोणी तोंड पाहायचं न्हाई."

डॉक्टरांची आई बाहेर आली. "उत्तम, भरल्या घरात काय अभद्र बोलतो रे मेल्या!"

"माशाचं न्हाई हो आजी, शेवाळाचं सुतक. ते मेलं की तुमचे मासे तुम्हाला ओळख देतील."

चौथ्या दिवशी कापड सोडलं. मेलेलं शेवाळ तळाशी बसलं होतं. ते उपसलं, निम्मं पाणी बदललं आणि दादांनी मागच्या काचेला हात लावला. रेषा दिसत होत्या. डॉक्टर म्हणाले, "कमाल केली, उत्तमराव. कसं सुचलं?"

दादा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मला कशाचं सुचतंय? ह्या नाम्यानं सांगितलं. त्याच्या पुस्तकात हे समदं."

डॉक्टरांच्या घरात मला कपबशीतून चहा आला. डॉक्टर म्हणाले, "शिक, पोरा, तू नाव काढशील." मी तो चहा प्यायलो. 'नाही, मी खताचं म्हणालो होतो' हे वाक्य ओठांवर होतं, पण मी चहा प्यायलो. दादांनी मला त्या दिवशी जे दिलं ते त्यांना सहज देता आलं, याचाही मला राग आला. माझ्याकडे दुसऱ्याला द्यायला असं काही नव्हतं.

नोकरी लागली, त्याच गावच्या कॉलेजात. लग्न झालं. घर घेतल्यावर मी हौसेनं टाकी आणली, दादांच्या टाकीच्या दुप्पट मोठी. जालन्याहून दिवा आणला, लाल-निळा-पांढरा, रिमोटवर चालणारा. टाकी बैठकीत खिडकीसमोर ठेवली, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावी म्हणून. दोन महिन्यांत मासे दिसेनासे झाले.

माझी बायको मनीषा गरीब स्वभावाची नाही. म्हणाली, "पोरांना प्रकाशसंश्लेषण शिकवता ना तुम्ही? मंग हे काय वेगळं संश्लेषण हे का?"

"होईल ठीक."

"दादांना बोलवा की."

"काही गरज नाही."

तिनं मला न सांगता फोन केला. दादा आले. आधी टेस्टर टेकवला, मग रिमोट हातात घेऊन उलटासुलटा पाहिला. "लाइट लई भारी हे, नाम्या. लग्नाच्या मांडवाला लावावी अशी." मनीषा हसली. "किती तास चालू ठेवतो?"

"बारा-तेरा."

"काह्याला?"

"पाहुणे येतात संध्याकाळी."

"मंग पाहुण्यापुरती लाव. मासे काय पाहुणे बघाया बसलेत का?"

टाकी खिडकीपासून आतल्या भिंतीला नेली. दिव्याखाली दोन लाकडी ठोकळे देऊन तो वीतभर वर उचलला, म्हणजे उजेड पातळ होईल. निळा-लाल बंद केला, पांढरा निम्म्यावर आणला. सगळे मिळून सहा तास, मध्ये दुपारची सुट्टी. पाणवनस्पती दुप्पट लावायला सांगितल्या. "जे खायाचं ते झाडानं खाल्लं की शेवाळाला काय उरतं?" वीस दिवसांत मनीषानं टाकीमागे हात धरला आणि मला हाक मारून रेषा दाखवल्या. नंतर कोणी टाकीचं कौतुक केलं की ती सांगायची, "दादांनी करून दिली."

माझं असं काय होतं जे दादांनी करून दिलेलं नव्हतं? डिग्री मिळाली तेव्हा वडिलांनी पहिला हार दादांच्या गळ्यात घातला. गावात माझी ओळख 'खरात वायरमनकडं राहून शिकलेला'. आणि दादा मला कुठंही, अगदी कॉलेजच्या गेटवर पोरं उभी असताना, हाक मारायचे, "ए नाम्या, जेवला का?" पोरं तोंड फिरवून हसायची. मला वाटायचं, यांनी एकदा तरी मला सर म्हणावं.

मग कॉलेजात तपासणी समिती यायची ठरली. प्राचार्यांनी दर्शनी पोर्चमध्ये मोठी टाकी बसवली आणि जबाबदारी माझ्याकडे दिली. मला आता सगळं माहीत होतं, तरी ती टाकी मला साधली नाही. तास मी कमी केले होते, पण पोर्चला पूर्वेचं ऊन थेट येतं, हे माझ्या लक्षात आलं नाही. दिवसाचा सगळ्यात मोठा दिवा मी मोजलाच नव्हता. प्राचार्य एक दिवस म्हणाले, "सर, खरात वायरमनला बोलावतो."

दादांनी कॉलेजच्या एकेका खोलीचं वायरिंग केलेलं होतं. ते त्यांचं घरच होतं. आले, पोर्चमध्ये उभे राहिले, टाकीकडे न पाहता आधी आभाळाकडे पाहिलं. पूर्वेला बांबूची चटई टांगली. दोन ट्यूबांची एक केली. आणि टायमर लावला. त्या टायमरच्या चकतीवर कडेनं बारीक पिना असतात, दर पंधरा मिनिटांना एक. पिन खाली दाबली तर तेवढा वेळ दिवा चालू, वर राहिली तर बंद. दादांनी तेच आपलं जुनं वेळापत्रक पिनांनी लावलं. पोरं भोवती गोळा झाली होती. माझ्या वर्गात जी पोरं खिडकीबाहेर पाहतात तीच पोरं प्रश्न विचारत होती आणि दादा त्यांना हात टाकीमागे धरायला लावत होते.

पाणी निवळलं. स्टाफच्या बैठकीत प्राचार्य म्हणाले, "आपल्याकडं तीन-तीन एम.एस्सी., आणि टाकी साफ केली आयटीआयवाल्यानं." सगळे हसले. मीही हसलो.

दिवाळीची सुट्टी लागली त्या दुपारी विभागाला कुलूप लावून मी पोर्चमधून निघालो. कोणी नव्हतं. टाकीची दुपारची सुट्टी चालू होती, आत अंधार, मासे संथ. मी बांबूची चटई गुंडाळून वर बांधली. मग टायमरपाशी बसलो आणि वर असलेल्या पिना नखानं एकेक करून खाली दाबल्या. दुपारच्या, मग रात्रीच्या, सगळ्या. वेळ लागला. मध्येच थांबता आलं असतं. मी थांबलो नाही.

सुट्टीत शिपाई खाद्य टाकून जायचा. दिवा दिसला तर त्याला वाटलं, लावायचाच असेल. कॉलेज उघडलं तेव्हा टाकी म्हणजे हिरवी भिंत होती. मासे जिवंत होते, पण दिसत नव्हते. दुसऱ्याच दिवशी समिती. प्राचार्यांनी दादांना बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, "हे काय करून ठेवलं, उत्तमराव?"

दादांनी चष्मा लावला, खाली बसले आणि टायमरच्या चकतीवरून अंगठा फिरवला. एक पूर्ण फेरी. मग वर बांधलेल्या चटईकडे पाहिलं, तिची गाठ पाहिली. दोरीला मी शेतातली गाठ मारली होती, बैलाच्या दाव्याची. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी समितीसाठी आणलेल्या गुच्छांकडे पाहत होतो.

"माझीच चूक झाली, साहेब," दादा म्हणाले. "पिना लावायला चुकलो."

टाकी तातडीनं मागच्या खोलीत हलवली. कॉलेजचं वायरिंगचं काम त्या महिन्यापासून बाहेरगावच्या माणसाकडे गेलं. त्या दिवशी पोर्चच्या पायऱ्या उतरताना दादा माझ्यापाशी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "येतो, सर."

तेव्हापासून मी सर आहे. रस्त्यात भेटले की "नमस्कार, सर." दुकानात गेलो की "बसा, सर," आणि स्टूल पुसून देतात. रागाचा शब्द नाही, टोमणा नाही. मनीषा म्हणते, "दादा किती मान देतात तुम्हाला आता." मला हवं होतं तेच मला मिळालं होतं.

परवा एक स्विच आणायला दुकानात गेलो. दादांना काचबिंदू झाला आहे. कडेचं दिसत नाही, समोरचं धुरकट दिसतं. वाइंडिंग बंद झालं आहे. ते दाराशी त्याच स्टुलावर बसले होते, हात मांडीवर, खिशात टेस्टर. पाठीमागे टाकी, तिच्यावर 'शुद्ध तुपातील'.

"कोण?"

"मी, दादा. नामदेव."

"बसा, सर." मग थोडं थांबून म्हणाले, "सर, एक काम सांगू का? जरा टाकीमागं हात धरा. मला समदंच हिरवट दिसून राह्यलं. पाणी बिघडलं का डोळे, काही समजना."

मी टाकीमागे गेलो आणि काचेला तळहात लावला. दादा पुढे वाकून, नाक काचेला टेकवून पाहत होते. पाण्यातून मला त्यांचा चेहरा स्वच्छ दिसत होता, सुरकुतीन् सुरकुती. त्यांना माझा हात दिसत नव्हता.

"रेषा दिसतात का, सर?"

"दिसतात, दादा."

"मंग ठीक हे," ते म्हणाले आणि चाचपडत स्टुलाकडे वळले.

आज मी हे पत्र लिहिलं. वहिनींना वाचता यावं म्हणून अक्षर मोठं काढलं.

तीर्थस्वरूप उत्तमदादा यांस, साष्टांग नमस्कार.

हे पत्र वहिनींनी तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवावं. वहिनींना यातलं काही माहीत नसेल, कारण तुम्ही सांगितलं नसणार. त्यांनीही ऐकावं.

समोर येऊन बोलायला हवं होतं. पाच-सहा वेळा आलो. तुम्ही "बसा, सर" म्हणता आणि माझं तोंड बंद होतं.

कॉलेजच्या टायमरच्या पिना मी दाबल्या. चटई मी वर बांधली. तुमची काही चूक नव्हती, आणि हे तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं. डॉक्टरांकडे तुम्ही तुमचं शहाणपण माझ्या नावावर केलं तेव्हा मी गप्प बसलो, आणि कॉलेजात माझा गुन्हा तुम्ही तुमच्या नावावर घेतला तेव्हाही गप्प बसलो. का केलं म्हणाल तर हेवा. दुसरं कारण शोधलं, सापडलं नाही.

आज सकाळी प्राचार्यांना सगळं सांगितलं. माझ्यावर काय करायचं ते करतील. तुम्हाला भेटायला ते स्वतः येणार आहेत. पुढच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर सांगणार आहे.

परवा तुमच्या टाकीमागे जो हात धरला, तो तोच हात होता. पाणी निवळ आहे, दादा. हे मी खोटं सांगितलेलं नाही. टेस्टर लावून पाहायचा असेल तर टाकीमागे हात तुम्ही धरा आणि वहिनींना पुढून पाहायला सांगा.

इथून पुढं रोज कॉलेजला जाताना टाकी पाहून जाईन. तास तुम्ही सांगाल तेवढेच ठेवीन. तुम्ही नको म्हणालात तर येणार नाही. पण एक मागतो. सोमवारी सकाळी मी दुकानावरून जाईन, हळू जाईन. मी दिसलो नाही तरी चपलांचा आवाज तुम्ही ओळखता. वाटलं तर हाक मारा. सर म्हणून मारली तर मी सरळ पुढं निघून जाईन.

तुमचा,
नाम्या